विश्लेषण : खुलताबादच्या डोंगरावर ‘क्युबन’ मासळी? समुद्रापासून दूरच्या ‘ग्रिल्ड सी-फूड’चे वास्तव काय?

रंगीत भिंती, जुन्या मोटारींची चित्रे, कानावर पडणारे लॅटिन संगीत, ग्लासात पुदिना-लिंबाचा मोहितो आणि समोर निखाऱ्यावर भाजली जाणारी कोळंबी. महानगरांत आणि किनारी पर्यटनस्थळांवर रुळलेला ‘क्युबन थीम’चा हा थाट आता आडवाटेच्या पर्यटनगावांनाही खुणावू लागला आहे. वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, सुफी दर्गे आणि म्हैसमाळ यांच्यामुळे खुलताबाद परिसरात वर्षभर पर्यटक आणि भाविकांची ये-जा असते. असे एखादे रेस्टॉरंट या रस्त्यावर उघडले, तर गर्दी होईलच. मात्र खुलताबादपासून समुद्र सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरहून दूर आहे आणि रस्त्याने मुंबई सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर. मग ताटात येणारा मासा कुठून येतो, किती दिवसांचा असतो, तो खरोखर सांगितलेलाच असतो का, आणि जवळच्या गोदावरीतल्या माशाला या मेनूत जागा का नसते, याचा आढावा.

‘क्युबन थीम’ म्हणजे नेमके काय?

क्युबा हे कॅरेबियन समुद्रातील बेट. स्पॅनिश वसाहतवाले, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले लोक आणि मूळचे ताइनो रहिवासी यांच्या सरमिसळीतून तिथले खाणे आणि संगीत घडले. ‘बार्बेक्यू’ या शब्दाचा उगमही याच टापूतला. ताइनो लोक लाकडी मचाणावर मांस-मासे ठेवून खालून मंद आच देत. त्यांच्या भाषेतला शब्द स्पॅनिशमध्ये ‘बार्बाकोआ’ झाला आणि तिथून जगभर गेला. म्हणजे निखाऱ्यावरचा मासा आणि कॅरेबियन बेटे यांचे नाते ओढूनताणून जोडलेले नाही.

क्युबन थीमला जगभर मागणी येण्यामागे मात्र स्वयंपाकापेक्षा प्रतिमेचा वाटा मोठा आहे. हवानाच्या रस्त्यांवर धावणाऱ्या १९५०च्या दशकातील अमेरिकी मोटारी, चे गेव्हाराचे छायाचित्र, १९९७ मध्ये आलेला ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ हा गाजलेला संगीतसंग्रह आणि अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे तिथले वास्तव्य यांतून ही प्रतिमा तयार झाली. हेमिंग्वे यांची १९५२ मधील ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही कादंबरी क्युबातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याचीच गोष्ट आहे. पु. ल. देशपांडे यांनी ती ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. गोव्यात पाळोळे, आगोंदच्या किनाऱ्यांवर ‘क्युबा’ हे नाव लावलेली पर्यटकांची ठिकाणे आहेत. मोहितो तर थीमच्या आधीच गावोगाव पोहोचला. हवानात रम, लिंबू, साखर आणि पुदिना घालून होणारे हे पेय मद्य वगळून आणि बहुधा सोडा वाढवून जिल्ह्याच्या ठिकाणच्या साध्या कॅफेतही मिळते.

क्युबात खरोखर एवढी मासळी खाल्ली जाते का?

बेट म्हटले की मासळी, हा समज इथे फसतो. क्युबाच्या घरगुती जेवणाचा कणा म्हणजे भात, काळा घेवडा, डुकराचे मांस, केळी आणि कंद. ‘मोहो’ हे तिथले खास मुरवण आंबट संत्र्याचा रस, लसूण, जिरे आणि तेल यांचे असते. मिरचीचा तिखटपणा या जेवणात जवळजवळ नसतोच. टोमॅटोच्या रश्शातल्या कोळंबीला ‘एन्चिलादो’ म्हणतात. नावात ‘चिली’ असली तरी पदार्थ सौम्यच. त्यामुळे लाल तिखट आणि गरम मसाला लावून जाळीवर चढवलेला ‘क्युबन फिश’ हा भारतीय जिभेसाठी बेतलेला अवतार असतो. त्यात गैर काही नाही, पण तो क्युबाचा म्हणून वेगळा भाव लावला जात असेल तर ग्राहकाला ते ठाऊक असावे.

आणखी एक विरोधाभास आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर क्युबाची अर्थव्यवस्था खचली आणि १९९०च्या दशकात सरकारने नागरिकांना घरगुती खाणावळी चालवायला परवानगी दिली. त्यांना ‘पालादार’ म्हणतात. हे नाव एका ब्राझिलियन मालिकेतल्या नायिकेच्या खाणावळीवरून पडले. सुरुवातीला या खाणावळींना फक्त १२ खुर्च्यांची मुभा होती. शेवंड, कोळंबी आणि गोमांस विकायला मनाई होती. शेवंड निर्यातीतून परकीय चलन मिळवून देई, म्हणून ती सरकारी ताब्यात राहिली. खुर्च्यांची मर्यादा २०११ पर्यंत ५० वर गेली. म्हणजे ‘क्युबन सी-फूड’चा जो जल्लोष जगभरातील रेस्टॉरंटांत विकला जातो, तो क्युबातल्या सामान्य खाणावळीला बराच काळ कायद्यानेच नाकारलेला होता.

समुद्राची मासळी खुलताबादपर्यंत पोहोचते कशी?

मुंबईत ससून डॉक आणि भाऊचा धक्का येथे नौका लागतात, लिलाव होतो, मासळी थर्माकोलच्या किंवा प्लॅस्टिकच्या खोक्यांत बर्फाच्या थरांमध्ये रचली जाते आणि गाड्या घाट चढतात. हा माल आधी छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात उतरतो. खुलताबाद तिथून सुमारे २५ किलोमीटरवर आहे.

या प्रवासात अलीकडे मोठा बदल झाला. नागपूर ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये, तर इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. या मार्गाचे माळीवाडा येथील इंटरचेंज दौलताबादजवळ आहे. तिथून घाट चढला की खुलताबाद. संध्याकाळी किनाऱ्यावरून निघालेली गाडी पहाटेच्या आत या भागात पोहोचू शकते.

पण रस्त्यावरचे तास म्हणजे माशाचे वय नव्हे. मोठ्या यांत्रिक नौका एकेका फेरीत अनेक दिवस समुद्रात असतात. पहिल्या दिवशी जाळ्यात आलेला मासा बंदरात उतरतो तेव्हाच काही दिवसांचा झालेला असतो. त्यानंतर लिलाव, घाऊक व्यापारी, किरकोळ विक्रेता आणि रेस्टॉरंटचा फ्रीज असे टप्पे असतात. त्यामुळे ‘आज सकाळी मुंबईहून आला’ हे वाक्य खरे असले तरी ‘आज पकडला’ असा त्याचा अर्थ होत नाही.

बर्फाला इतके महत्त्व का?

मासा पाण्यातून निघाल्यावर त्याच्या शरीरातली विकरे आणि जिवाणू लगेच कामाला लागतात. शून्य अंशाजवळ हे काम अतिशय मंद चालते, तर तीस-पस्तीस अंशांवर काही तासांत मासा हाताबाहेर जातो. नीट बर्फात ठेवलेली बरीचशी समुद्री मासळी आठवडाभर किंवा थोडी अधिक काळ खाण्याजोगी राहते. बांगडा, तारली यांसारखी तेलकट मासळी त्याआधी उतरते.

एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. हिशेबाने एक किलो बर्फ तीन किलो मासा तीस अंशांवरून शून्यावर आणू शकतो. पण खोक्याच्या भिंतींतून बाहेरची उष्णता सतत आत येत असते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून उष्ण प्रदेशात मासळी आणि बर्फ यांचे प्रमाण निम्मे-निम्मे ठेवण्याचा दंडक आहे. बर्फावर केलेली काटकसर शेवटी ताटात दिसते.

मासळीचा तो ओळखीचा ‘वास’ही इथूनच येतो. समुद्री माशांच्या शरीरात खाऱ्या पाण्याशी तोल सांभाळणारे एक संयुग असते. मासा मेल्यानंतर जिवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइनमध्ये रूपांतर करतात. त्याचाच तो उग्र दर्प. लिंबू पिळले की आम्लामुळे हे संयुग हवेत उडू शकत नाही आणि वास दबतो. म्हणजे लिंबू वास झाकते, मासा ताजा करत नाही. गोड्या पाण्यातील माशांत हे संयुग फारसे नसते, म्हणून त्यांचा वास वेगळा असतो.

धोका वासापुरता नसतो. बांगडा, कुपा यांसारखे मासे पकडल्यानंतर गरम राहिले तर त्यांच्यात हिस्टामाइन साठते. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे, मळमळणे असे त्रास होतात. हिस्टामाइन शिजवून किंवा भाजून नष्ट होत नाही. निखारे कितीही रसरशीत असले तरी आधी तुटलेली बर्फाची साखळी ते जोडू शकत नाहीत.

मग ‘फ्रोझन’ मासा वाईट का?

नाही. पकडल्यावर लवकर अतिथंड तापमानात गोठवलेला आणि पुढे सतत उणे १८ अंशांवर ठेवलेला मासा हा अर्धवट बर्फात चार दिवस फिरलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा अनेकदा चांगला असतो. बिघडते ते वितळवून पुन्हा गोठवल्याने. असा मासा भाजताना पाणी सोडतो, जाळीला चिकटतो आणि खाताना भुसभुशीत लागतो. गोठवलेला मासा खोलीच्या तापमानावर किंवा गरम पाण्यात न वितळवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सावकाश वितळू द्यावा लागतो. समुद्रापासून दूरच्या रेस्टॉरंटने ‘आमचा मासा फ्रोझन आहे’ असे सरळ सांगणे हा कमीपणा नाही, उलट ते विश्वासाचे लक्षण मानायला हवे.

मासळी टिकवण्यासाठी फॉर्मालिन लावणे मात्र सरळ बेकायदा आहे. जुलै २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मालिनच्या संशयावरून मोठा गदारोळ झाला होता आणि राज्य सरकारने काही काळ परराज्यातील मासळीची आवक थांबवली होती. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्याच वर्षी फॉर्मालिन आणि अमोनिया ओळखणाऱ्या कागदी पट्ट्यांचा साधा संच बाजारात आणला. समुद्रकिनारी असलेल्या गोव्यातही हा प्रश्न उभा राहिला, हे आडगावातील ग्राहकाने लक्षात ठेवावे.

पावसाळ्यात काय होते?

खुलताबाद परिसराचा खरा हंगाम पावसाळा. म्हैसमाळ हिरवे होते, वेरूळचा धबधबा कोसळू लागतो, शनिवार-रविवारी रस्ते गाड्यांनी भरतात. त्यातच आखाड येतो. श्रावण पाळणारी घरे त्याआधी मांसाहाराची हौस भागवून घेतात.

नेमक्या याच काळात पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक नौका बंदरात उभ्या असतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीबंदी असते. हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून या काळात असते. त्यामुळे जूनच्या मध्यानंतर आंध्र प्रदेश, तमिळनाडूकडून मासळी येऊ शकते, पण तिचा प्रवास कितीतरी लांबतो. जुलैत जाळीवर दिसणारी सुरमई किंवा पापलेट म्हणूनच बहुधा शीतगृहातली किंवा पूर्व किनाऱ्यावरची असते. ‘कोकणातून रोज ताजी’ अशी पाटी जुलैतही तशीच असेल, तर प्रश्न विचारायलाच हवा.

पापलेटला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्य मासा घोषित केले, ते त्याचे प्रमाण घटत असल्याच्या चिंतेतूनच. राज्याने ५४ प्रजातींसाठी पकडण्याजोगा किमान आकारही ठरवून दिला आहे. शेवंडीच्या बाबतीत इशारा आधीच मिळून गेला आहे. मुंबईच्या समुद्रातील चपट्या शेवंडीची मासेमारी अतिउपशामुळे १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात कोसळली, आणि ती पुन्हा पूर्वीसारखी उभी राहिली नाही. ताटलीत मावणारे बोटभर पापलेट किंवा अंडी असलेली शेवंड जाळीवर चढते, तेव्हा पुढच्या हंगामाचा मासा कमी होतो.

ताटात सांगितलेलाच मासा असतो का?

अख्खा मासा ओळखता येतो. कातडी, डोके, काटे काढलेला, मसाल्यात माखलेला पांढरा तुकडा ओळखणे मात्र जाणकारालाही अवघड. इथेच अदलाबदल सोपी होते. ‘बासा’ म्हणून मिळणारे काप हे मुळात व्हिएतनाममधील मेकाँग नदीच्या खोऱ्यातल्या माशाचे. आपल्याकडे तो ‘पंगस’ या नावाने तळ्यांत आणि धरणांतील पिंजऱ्यांत वाढवला जातो. तो स्वस्त आहे, काटे नाहीत, वास नाही. तो खाण्यात वावगे काही नाही. मात्र तो गोड्या पाण्यातला मासा आहे. ‘सी-फूड’ म्हणून, रावस किंवा सुरमईच्या भावात तो खपवला गेला तर ती फसवणूक ठरते.

कोळंबीचे, म्हणजे मराठवाड्याच्या भाषेत झिंग्याचे, उदाहरण आणखी गमतीचे आहे. रेस्टॉरंटांत मिळणारी बरीचशी कोळंबी आज समुद्रातून पकडलेली नसून किनारी तळ्यांत वाढवलेली ‘वन्नामे’ जातीची असते. आंध्र प्रदेश हे तिचे देशातील मुख्य केंद्र. ही जात मूळची लॅटिन अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची. भारतात तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली. तळ्यातली असल्याने ती मासेमारीबंदीतही मिळते. ‘क्युबन’ ताटात लॅटिन अमेरिकेशी खरे रक्ताचे नाते सांगणारा जीव शोधायचाच, तर तो बहुधा आंध्रच्या तळ्यातून आलेली ही कोळंबी असेल.

निखाऱ्यावर कोणता मासा चालतो?

माशाचे स्नायू आखूड आणि त्यांना जोडणारी ऊती नाजूक असते. त्यामुळे तो मटणासारखा तासन् तास शिजवावा लागत नाही. आतले तापमान ६३ अंशांच्या आसपास पोहोचले की मासा शिजलेला आणि सुरक्षित मानला जातो. त्यापुढे प्रत्येक मिनिटाला तो कोरडा होत जातो. बाहेरून खमंग डाग आणि आतून रसाळ हे साधायचे तर जाळी आधी कडक तापलेली, तेल लावलेली हवी आणि मासा कोरडा पुसलेला हवा.

बांगडा, सुरमई, रावस यांच्यातील तेल त्यांना जाळीवर तारते. पापलेट अख्खे भाजले तर टिकते. बोंबलात पाण्याचे प्रमाण इतके असते की तो जाळीतून गळून पडतो, त्याची जागा तव्यावरच. मुरवणाचाही हिशेब आहे. आंबट संत्रे किंवा लिंबाच्या रसात मासा अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवला की आम्लामुळेच त्याची प्रथिने आवळतात. तो जाळीवर जाण्याआधीच ‘शिजतो’ आणि मग रबरासारखा लागतो. सकाळी मसाला लावून रात्रीपर्यंत ठेवलेला मासा म्हणूनच चवीलाही मार खातो.

ग्राहकाने आणखी एक गोष्ट पाहावी. बंदिस्त दालनात कोळशाची शेगडी असेल तर धूर बाहेर नेणारी व्यवस्था आवश्यक आहे. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

गोदावरीच्या माशाला जागा का नाही?

खुलताबादहून पैठण सुमारे ७५ ते ८० किलोमीटर. तिथे नाथसागर आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी उद्घाटन केले. भरल्यावर सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरणारा हा जलाशय भोई, कहार आणि अन्य मच्छीमार कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार आहे. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, मरळ, शिवडा, वाम, गोड्या पाण्यातला झिंगा अशी मासळी इथे मिळते. संभाजीनगर-अहिल्यानगर रस्त्यावरील कायगाव टोका परिसरात थांबून तळलेला मासा खाणे हा अनेकांच्या प्रवासाचा भाग आहे. खुद्द खुलताबाद तालुक्यात येसगाव येथे गिरिजा मध्यम प्रकल्पाचा जलाशय आहे.

तरीही ‘ग्रिल्ड सी-फूड’च्या मेनूत हे मासे दिसत नाहीत. त्याला कारणे आहेत. कटला-रोहूच्या मांसात दुहेरी टोकांचे बारीक काटे असतात. सावकाश खाणाऱ्या घरच्या पंगतीला ते चालतात, पण काट्यांची सवय नसलेल्या पर्यटकाला ते नको वाटतात. दुसरे कारण प्रतिष्ठेचे. सुरमई-पापलेट म्हणजे शहरी, समुद्राची आणि महाग. धरणाचा मासा म्हणजे बाजारच्या दिवशी किलोने घ्यायचा, अशी उतरंड मनात बसली आहे. तिसरे कारण पुरवठ्याचे. ठरावीक आकाराचा, साफ केलेला, बर्फात ठेवलेला मासा रोज ठरल्या वेळी देणारी व्यवस्था जलाशयाच्या काठावर क्वचितच असते. मच्छीमार सहकारी संस्थांना जलाशय ठेक्याने मिळतो, पण बर्फाचा कारखाना आणि शीतगाडी त्यासोबत येत नाही.

यांपैकी पहिली अडचण सुटण्याजोगी आहे. मरळ या माशाला बारीक काटे फार कमी. मांस घट्ट असल्याने तो जाळीवर तुटत नाही. कटला-रोहूला जवळजवळ आडव्या चिरा दिल्या की बारीक काटे कापले जातात आणि कडक आचेवर कुरकुरीत होतात. पुणे-सोलापूर महामार्गावरील भिगवणने हा रस्ता दाखवून दिला आहे. उजनी धरणाच्या पाणलोटातील मासळीवर तिथे हॉटेलांची रांग उभी राहिली आणि चिलापीसारख्या, एरवी दुय्यम समजल्या जाणाऱ्या माशासाठी लोक मुद्दाम थांबू लागले. तिथे कोणत्याही बेटाची थीम नव्हती. मासा पकडणारा आणि तळणारा यांच्यातले अंतर कमी होते, एवढेच.

बिल देताना ग्राहकाचे हक्क कोणते?

सी-फूडच्या मेनूत अनेक पदार्थांपुढे किंमत नसते, ‘ए.पी.एस.’ म्हणजे ‘आकारानुसार’ असे लिहिलेले असते. अशा वेळी मासा ग्राहकासमोर वजन करून दर आणि एकूण रक्कम आधी सांगायला लावणे उत्तम. वजन साफ करण्यापूर्वीचे की नंतरचे, हेही विचारावे. डोके, कल्ले, आतडी गेल्यावर वजन बरेच उतरते आणि वादाचे मूळ बहुधा तिथेच असते.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ५० नुसार ग्राहकाने मागितलेल्या प्रकारचे किंवा दर्जाचे नसलेले अन्न विकल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सुरमई सांगून बासा देणे यात मोडते. बिलावर १४ अंकी अन्न परवाना क्रमांक असणे बंधनकारक आहे. तक्रार करताना तोच उपयोगी पडतो. सेवाशुल्क सक्तीने बिलात जोडता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती भूमिका उचलून धरली. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. मासे, कोळंबी, खेकड्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी एकाच जाळीवर सर्व पदार्थ भाजले जातात का, हे आधी विचारावे.

निर्णय ग्राहकाने कशावरून करावा?

अख्खा मासा पाहायला मागणे ही सर्वांत सोपी परीक्षा. डोळे फुगीर आणि पारदर्शक, कल्ले लालसर, बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर येणारे आणि वास समुद्राच्या पाण्यासारखा सौम्य असावा. डोळे खोल गेलेले, कल्ले तपकिरी, पोट फुटलेले असेल तर मसाल्याच्या नावाला भुलू नये. त्यानंतर मासा कोणता, कुठला, आणि ताजा की फ्रोझन, हे तीन प्रश्न विचारावेत. नीट चालणाऱ्या ठिकाणी या तिन्हींची उत्तरे वाढप्यालाही ठाऊक असतात.

बाहेरून आलेले खाणे या मातीला नवीन नाही. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळाशी नान-खलियाचे नाते सांगितले जाते. आज तो संभाजीनगरचाच पदार्थ मानला जातो. दौलताबाद-खुलताबादच्या डोंगरांतले सीताफळ आणि रस्त्याकडेला टोपल्यांतून विकला जाणारा पेरू ही दोन्ही फळे मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातली, कॅरेबियन बेटांच्या शेजारची. पण आज त्यांना कोणी परके म्हणत नाही, कारण ती इथल्या पाण्यावर वाढली आणि इथल्या माणसांनी विकली.

क्युबन थीमची मासळीही तशीच रुजू शकते. भिंतीवरचे चित्र हवानाचे असायला हरकत नाही. मेनूवर माशाचे खरे नाव असावे, खोक्यात पुरेसा बर्फ असावा आणि सुरमईच्या शेजारी नाथसागरच्या मरळीलाही एक ओळ मिळावी. मग खुलताबादला येणाऱ्या पर्यटकाला समुद्र लांब असल्याची खंत उरणार नाही आणि पैठणच्या मच्छीमाराच्या मासळीला बाजारच्या दिवसापलीकडचे गिऱ्हाईक मिळेल.